सातचा फोटो

करावे गावच्या नाक्यावर, एटीएमच्या समोर,
दमयंती तांडेलनं फाटक्या जाळ्यांचा आकाशकंदील टांगला होता,
माणसाएवढा. आत हिरवा बल्ब.
मी सात वाजता काढला. म्हणजे फोटो.
पुढच्या वर्षी तो एका बिल्डरच्या कॅलेंडरवर
नोव्हेंबरच्या तारखांवर लटकत होता,
कोपऱ्यात माझं नाव, मुंगीएवढं.

बेलापूरचे वकील पाथरे चहात बिस्किट बुडवून म्हणाले,
पामबीचवरचा तो लोखंडी फ्लेमिंगो बिनधास्त काढ,
शिल्प आहे, उघड्यावर आहे, कायमचं आहे.
भिंतीवरचं चित्र? तिथे जरा थांब.
आणि कंदील?
कंदील कायमचा नसतो रे.
बिस्किट तुटलं. ते चमच्यानं शोधत राहिले.

म्हणजे जे गंजेपर्यंत उभं राहणार ते सगळ्यांचं,
आणि जे तुळशीच्या लग्नानंतर उतरणार
ते मात्र पक्कं एकाच माणसाचं.
मी हे उलटं समजत आलो होतो,
वीस वर्षं, तीन कॅमेरे.

मग ती स्टुडिओत आली. कॅलेंडर गुंडाळून आणलेलं,
बांगडे आणावेत तसं, वर्तमानपत्रात.
मी रस्त्याचं बोलायला लागलो,
रस्ता सगळ्यांचा, नजर सगळ्यांची,
खिशात पाकीटही तयार ठेवलं होतं.
"रस्ता सगल्यांचाच," ती म्हणाली, "पन ह्यो बग."
आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर नख ठेवलं.
तिथे जाळ्याची गाठ सैल होती.
एक झिरमिळी नव्हतीच.

"दहा वाजता बांदली मी. जेवून आल्यावर.
तू सातलाच न्हेलास.
बारा हजार घरांत माजं अर्दं काम टांगलंस."

पाथऱ्यांना मी याचं कलम विचारलं नाही.

यंदा पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते.
ती शिडीवर, दातांत सुतळी.
मी खाली शिडी धरून,
कॅमेरा पिशवीत, पिशवीची चेन लावलेली.
क्लासहून सुटलेली पोरं आली, मोबाइलवर काढून गेली,
एकानं तर स्वतःचंच थोबाड पुढे घालून
कंदील अर्धा झाकला.
त्यांना ती काही बोलली नाही.
मला म्हणाली, "हालू नको."