उलटा के

मोठा संघ साडेतीनशे मैलांवर, काचेच्या शहरात.
डेल्मरचा सगळा जीव त्याच्यात.
माझा धाकट्या पातीवर:
चार गावं, चार मैदानं, एकीवर एक चार पायऱ्या,
आणि सगळ्यात खालची आमची,
नदीकाठी, मक्याच्या कोठाराला खेटून.
पूर आला की पाणी उजव्या कुंपणापर्यंत चढतं,
ओसरल्यावर आठवडाभर
पहिल्या बेसला माशांचा वास.

"वर्ना, त्या पोरांत काय बघतेस?
शंभरातली चार वर जातात."
म्हणून तर, मी म्हणायचे.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
कोण कुठे उतरतं, ते बघायची सवय.

त्या एप्रिलमध्ये तळघरातल्या खोलीत विल्किन आला,
डॉमिनिकन, एकोणीस वर्षांचा, डावखुरा.
एक बॅग, तीन ग्लव्ह्ज, स्वेटर एकही नाही.
बाहेर बर्फ भुरभुरत होता.
त्याने खिडकीतून हात काढला, तळवा चाटला,
आणि कुणीतरी फसवल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.
मी घेवडा शिजवायला शिकले, तो गाडी चालवायला,
रविवारी, शाळेच्या रिकाम्या आवारात.
तिथला एक खांब अजून वाकडा आहे.

सामन्याला मी वही नेते, पेन्सिलला टोक काढून.
तिसऱ्यांदा बॅट फिरवून चेंडू हुकला
तर के लिहायचा.
पण बॅट हललीच नाही,
नुसता उभा राहून बघत बसला,
तर के उलटा काढायचा,
वर्गात भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या पोरासारखा.
विल्किनच्या पानावर उलटे के फार.
त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी मन बदलायचा.

पुढच्या वर्षी तो दुसऱ्या पायरीवर, मग तिसऱ्या.
मी रेडिओची स्टेशनं बदलत गेले, खरखरीपर्यंत.
एकदा चार तास गाडी हाकत गेले
तर पावसाने सामना रद्द.
तिकिटाचा तुकडा जपून ठेवा, पुन्हा चालेल, म्हणाले.
पर्समध्ये आहे.

डेल्मर फेब्रुवारीत गेला.
मोठ्या संघाचं चॅनेल मी मार्चमध्ये बंद केलं,
महिन्याला अठरा डॉलर वाचले.
आणि ऑगस्टात एका गुरुवारी फोन:
"मिस वर्ना, मी वर."
एवढंच. मागे कुणीतरी स्पॅनिशमध्ये रडत होतं.

वही घेऊन मी कुबिचेकच्या बारमध्ये गेले,
लग्नानंतर पहिल्यांदाच.
टीव्हीवर एकजण मासा धरून हसत होता.
"बदल ते," मी म्हटलं, बसमधल्या आवाजात.
बदललं.
आठव्या डावात, नऊ धावांनी हरत असताना,
विल्किनला आणलं. टोपी मोठी होत होती.
पहिला चेंडू मातीत.
मी काही देव पाण्यात घातले नव्हते,
पण पेला दोन्ही हातांनी धरला होता.
सहावा चेंडू आत वळला,
आणि तो कोट्यधीश फलंदाज
खांद्यावर बॅट ठेवून उभा. उभाच.
माझी पेन्सिल कागदाच्या आरपार गेली.

रविवारी त्याला खाली पाठवलं.
मग खांदा. मग शस्त्रक्रिया.
मग एका सकाळी यादीत
त्याच्या नावापुढे एक शब्द: मुक्त.
साधुसंत जन्मभर मागतात तो.
त्याने फक्त अजून एक डाव मागितला होता.

आता तो मेहुण्याबरोबर टायर विकतो.
नाताळला फोन करतो,
मुलीचं वजन आधी पौंडात सांगतो, मग किलोत.

या एप्रिलचा मुलगा कुरासावचा, झेर्विन.
काल सकाळी जिना चढून आला, म्हणाला,
गादीखाली काहीतरी टोचतंय.
ग्लव्ह होता,
आत चेंडू घालून बुटाच्या नाडीने आवळलेला,
चामड्याला आकार यावा म्हणून.
नाडीची गाठ इतकी घट्ट की नखं लागेनात.
डावखुऱ्याचा आहे, मी म्हटलं,
तुझ्या कामाचा नाही,
आणि तव्यातली अंडी उलटली.