पायऱ्या कुठे गेल्या

कासेलमध्ये नोव्हेंबर साडेचारलाच दिवे लावतो.
बस थांब्याशी येते ती टायर दगडाला घासत, मुद्दाम.
फूटपाथचा दगडच तसा घडवलाय, पायथ्याशी गोलसर,
चाकाला अंगाशी ओढून घेणारा.
मग एक सुस्कारा: हवेच्या उश्या सैल पडतात
आणि बसची उजवी कूस खाली येते,
चार बोटं. जास्त नाही.

हायड्रून वीगांट वॉकर ढकलत आत शिरते.
फट एवढीच, की नाणं पडेल,
चाक अडणार नाही.
ड्रायव्हर झोरान आरशात बघत राहतो,
ती टेकेपर्यंत ब्रेक सोडत नाही.

सदतीस वर्षं हिनं कागदावर आस काढले.
(माझ्या भाषेत आस पुल्लिंगी असेतो लोखंडाचा.
स्त्रीलिंगी झाली की काय होतं,
ते तिला सांगायचं राहून गेलं.)
पूर्वीचा आस सरळ, चाकाच्या मधोमध,
त्याच्यावर मजला, आणि मजल्याला तीन पायऱ्या.
तिची आई आधी पिशवी वर ठेवायची,
मग दांडा धरून स्वतःला.
हायड्रूननं आस मधोमध खाली वाकवला,
झोळीसारखा.
दारातून चालत चालत माणूस
बसच्या पोटात पोचू लागला.

पण ऑटमार ब्रांडाऊ, तिचे साहेब, म्हणायचे,
उंची मरत नाही,
तिला कुठे तरी राहायला जागा द्यावी लागते.
म्हणून चाकं आत आली, पेट्या होऊन,
ज्यांच्यावर शाळेची पोरं पाय सोडून बसतात.
टाकी छपरावर गेली.
इंजिन मागच्या कोपऱ्यात,
आणि त्याच्यासाठी, मधल्या दाराच्या पलीकडे,
दोन पायऱ्या.
त्या तिनंच काढल्या होत्या, एका शुक्रवारी, घाईत.

पुढे कित्येक हिवाळे ती तिथंच बसली.
सीटखाली इंजिन गुरगुरायचं,
पाठ शेकून निघायची,
ओल्या कोटाला लोकरीचा वास सुटायचा.
आपली चूक एवढी उबदार असेल
असं तिला वाटलं नव्हतं.

आता वॉकर दोन पायऱ्यांशी थांबतो.
ती खालीच बसते, दाराच्या वाऱ्यात,
आणि मागून उतरायला आलेल्या मुलाला विचारते,
वर गरम आहे का रे अजून?
तो एका कानातलं यंत्र काढतो.
वर कुठे?
मागे. शेवटच्या सीटवर. इंजिनाजवळ.
हिला इंजिनच नाही, तो म्हणतो. बॅटरीवर चालते.

दार मिटतं. खरंच, काही गुरगुरत नाही.

मग त्या पायऱ्या कशाला ठेवल्यात?
हे ती मोठ्यानं म्हणते, जर्मनमध्ये, बैठकीतल्या आवाजात,
आणि एक बाई बाबागाडी स्वतःकडे ओढून घेते.
पुढचे तीन थांबे हायड्रून
काचेवरच्या वाफेत बोटानं रेघ ओढत असते,
दारापासून मागे,
हात पोचतो तिथवर सरळ.