दोन खाचा

सिएटलहून माणूस आला. ग्रेडन त्याचं नाव.
बूट इतके स्वच्छ
की चिखलातली वाट मी दाखवली नाही,
त्याची त्यानंच शोधली.
म्हणाला, बाई, कुरणातला तो सीडरचा खुंट,
डोळे असलेला,
विकाल का?

डोळे नाहीत ते.
खाचा आहेत, कुऱ्हाडीनं पाडलेल्या,
जमिनीपासून पुरुषभर उंच.
खाचेत फळी अडकवायची, फळीवर उभं राहायचं,
आणि एक या टोकाला, एक त्या टोकाला,
दिवसभर करवत ओढायची.
खाली बुंधा फार फुगीर, फार चिवट,
म्हणून ते वर चढून कापत
आणि खालचं तसंच सोडून जात.
सोडून दिलेलं ते सगळं मग स्वस्तात विकलं
फिनलंडहून बोटीनं आलेल्यांना.
त्यांतले एक माझे बाबा, विल्हो रौतिओ.

शेत म्हणून घेतलं, निघाले एकशे चौदा खुंट.
आई मोजायची.
आम्हाला आकडे शिकवायला दुसरं काही नव्हतं.

बाकीचे हळूहळू गेले. हा एक राहिला.
जाळला, तर आठवडाभर धुमसून पावसानं विझला.
सुरुंग लावला. खिडकीची काच गेली, खुंट जागेवर.
मग रुस्कोला साखळीला जुंपलं.
घोडा गुडघ्यावर आला, साखळी तुटली,
आणि बाबा आमच्यासमोर पहिल्यांदा
शिवी देता देता रडले.
त्या रात्री जेवताना कुणी त्याचं नाव काढलं नाही.
घरातल्याच कुणाशी अबोला असावा
तसा तो मग राहिला, कुरणाच्या मधोमध.
डोक्यावर त्याच्या लाल हकलबेरी उगवली.
मी चढून ओंजळभर आणायची.
बाबांनी एकही तोंडात टाकली नाही.

आणि हा म्हणतो, शोभेला हवाय.
भोवती नेचे लावणार, शेवाळ, खाली छोटे दिवे.
किती देणार, म्हटलं.
आकडा मी पुन्हा एकदा विचारला,
खुंटा हलवून बळकट केला.
तेवढ्यात बाबांना ही जमीन दोनदा घेता आली असती,
वर घोडा.

क्रेन आली.
चाळीस मिनिटं, त्यातली दहा चहाची.
मुळं सुटली तेव्हा ओलं कापड फाटल्यासारखा आवाज झाला,
आणि खड्ड्याच्या भिंतीत दिसल्या
साखळीच्या सहा कड्या, गंजून एक झालेल्या.
ग्रेडन म्हणाला, हीसुद्धा छान दिसेल.
ही नाही, म्हटलं.

पैशांतून छप्पर झालं. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
दुसऱ्या गुडघ्यापुरता खुंट आता उरलेला नाही.
खड्ड्यात पाणी साठलं. मार्चमध्ये बेडूक बोलू लागले.
बुजवून देतो, म्हणाला शेजारचा ओर्विल.
राहू दे म्हटलं, बऱ्याच दिवसांनी
त्या बाजूनं कुणीतरी बोलतंय.

उन्हाळ्यात फोटो आला.
खुंट उलटा पुरलाय. मुळं वर, आभाळात पसरलेली,
आणि खाली हातात ग्लास घेतलेले पाहुणे.
अशीच पद्धत असते म्हणे.

म्हणजे डोळे मातीत गेले.
हो, मीही आता डोळेच म्हणते.
साखळी दाराशी खुंटीला टांगली आहे,
येता-जाता खांद्याला लागते.
आणि त्या दोन खाचा,
ज्यांनी आमचं सगळं घर पापणी न लववता पाहिलं,
असोत तिकडे, मिटलेल्या.
जागरण पुष्कळ झालं होतं.