तीन कोन

मार्च सरताना, एक्केचाळीस अंशांत,
कपाट क्रमांक सतरामधून
निनावे काकांनी काढला एक लव्हाळा.
जाड कागदावर टाचलेला, उतरलेल्या चहाच्या रंगाचा,
उत्तर नॉर्वेहून अदलाबदलीत आलेला,
माझ्या जन्माआधी वीस वर्षं.
लेबलावर कुणाची तरी तिरकी शाई:
जुलै. दलदल, घोट्यापर्यंत पाणी.
रात्र नव्हती.

खिडकीबाहेर कवठ.
त्याला कुणी लेबल लावलेलं नाही.
ते मधूनच पत्र्यावर एक फळ टाकतं
आणि रजिस्टरातली माझी ओळ वाकडी होते.

प्रदर्शनासाठी तक्ता करायचाय, दोघांचा, शेजारी शेजारी.
उंचीला वेळ लागला नाही:
एक तीस फूट, एक माझ्या गुडघ्याएवढा.
फळ? एकाचं दगडाने फोडावं लागतं,
दुसऱ्याची नखावर दहा मावतील.
काटे कवठाला. लव्हाळ्याला नाहीत,
पण पातं बोट कापतं, हे कुठल्या रकान्यात घालू?

उपयोग. इथे मी अडले.
कवठाचं सोपं आहे: गूळ, मिरची, पाटा.
लव्हाळ्यापुढे रेघ मारणार,
तेवढ्यात काका म्हणाले, थांब वं पोरी.
तिकडचे लोक हे गवत वाळवत, कुटून मऊ करत
अन् बुटात भरत.
पाय गोठू नये म्हणून.

माझा बाप लाइनमन होता.
मे महिन्यात, दुपारी, खामल्याच्या खांबावर,
खिशात एक कांदा.
संध्याकाळी आई तो काढायची, सुरकुतलेला,
आणि लांब फेकायची उकिरड्यावर.
ऊन प्यालेला कांदा घरात ठेवू नये.

कांद्याने किती ऊन अडलं,
गवताने किती बर्फ,
कोणी मोजलं असेल तर मला ठाऊक नाही.
माणसाला रिकामं धाडायचं नाही बाहेर,
एवढंच.

कागदाच्या पुडीत देठाचा एक तुटका तुकडा होता.
काकांनी तो माझ्या चिमटीत ठेवला. फिरव.
गोल नव्हता तो. बोटांना धारा लागल्या,
एक, दोन, तीन.
नाग नदीच्या काठचा मोथा उपटून पाह्य, म्हणाले,
त्यालेबी तीनच.
तो कवा गेला न्‌ तिकडं, का हा आला इकडं,
इचारू नको. मले बी नाई माहीत.

चौतीस वर्षं नावं चिकटवली या माणसाने,
स्वतः निनावे.
एकतीस तारखेला हार, नारळ, सरांचं भाषण.
मग काका मागच्या दाराने झाडाखाली गेले,
एक कवठ उचललं, गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडलं.
उसळलं नाही. म्हणजे पिकलं.

तक्त्यातल्या त्या चौकोनात मी लिहिलंय: पाय.
सर विचारतील. विचारू देत.

काका फाटकातून गेले तेव्हा
पॅंटचा उजवा खिसा फुगलेला होता.
कवठ की कांदा,
मी विचारलं नाही.