पत्ता बदललेला नाही

हिरव्या पाटीच्या डोक्यावर आज तपकिरी पाटी बसली.
विल्मर स्ट्रीटचा कोपरा, मिलवॉकी.
तळ्यावरून वारा असा सुटला की महापौरांच्या भाषणाचे
निम्मे कागद त्यानंच वाचले.

"स्लो कोर्ट मार्ग."
आईनं ठेवलेलं नाव कोर्टलँड मेब्री,
ते पाटीवर मावत नव्हतं म्हणे.
अर्लीनबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स,
पर्सवर दोन्ही हात घट्ट,
जणू तेवढीच एक वस्तू अजून कुणी नेलेली नाही.

सत्तावीस वर्षं या बीटवर मी टपाल वाटते.
बीट त्याचीही होती. माझी चालायची, त्याची वाजायची.
त्याच्या कॅसेटची पाकिटं न्यूयॉर्कसाठी मीच उचलली
आणि मीच परत आणली,
न फोडलेली, वर जांभळा शिक्का.
दारात उभा राहून तो ती तळहातावर तोलायचा:
"डोरेथा, जाताना हलकी होती का गं?"

चामड्याचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
त्यानं लिहिलं, भोंगा गेला
पण गल्ली अजून सहा दहालाच जागी होते
आणि पलंगाच्या कडेला बसून राहते.
माझा नवरा ते ऐकून गाडीत रडला.
मला वाटलं होतं, त्याला रॅप आवडत नाही.

मूत्रपिंडाच्या यादीत नाव वर सरकेपर्यंत कोर्ट थांबला नाही.
या यादीत मात्र लवकर आलं. अकरा वर्षांत.

दोरी ओढली. कापड खिळ्याला अडकलं.
पालिकेचा पोरगा शिडीवर चढला, तोवर कुणीतरी
मोटारीची चारही दारं उघडी टाकून गाणं लावलं
आणि त्यातून माझ्या टपालगाडीच्या चाकाची कुरकुर आली,
शहाण्णव सालची.
चोरून रेकॉर्ड केली होती मेल्यानं.
त्यानंतर त्या चाकाला मी तेल घातलं नाही.
ऑफिसच्या दोन नोटिसा आल्या. घातलं नाही.

लोक विचारतात, आता पत्रावर काय लिहायचं?
विल्मर स्ट्रीटच. ही पाटी मानाची, पत्ता जुनाच.

मंगळवारी एक पाकीट आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं:
कोर्टची आई, स्लो कोर्ट मार्ग.
मशीननं ते तीनदा बाहेर थुंकलं.
जांभळा शिक्का खणात होता.
खणातच राहू दिला.

अर्लीनबाईंनी ते तळहातावर तोललं.
आत काय होतं, ते बघणं माझं काम नाही.