सात नंबर

अंगठा दुखतोय म्हटलं
की लोक आधी विचारतात, कुठला?
आपल्या भाषेत दोघांना एकच नाव.
हाताचा मी रोज पावणेसातला
ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीत
मागच्या दारच्या मशीनवर ठेवतो.
मशीन म्हणतं, धन्यवाद.
पायाच्याला अकरा वर्षांत
कुणी काही म्हटलं नाही.

कंपनीचे बूट सात नंबरचे,
माझा पाय आठ.
स्टोअरच्या पाटणकरांनी गोणीतून काढून दिले, म्हणाले,
चामडं आहे, सैल होईल.
चामडं नव्हतं.

आधी नुसतं ठसठसायचं
डाव्या अंगठ्याच्या आतल्या कडेला.
मग मोजा काढताना
मोजा थोडं काही सोबत घेऊन यायचा.
मग एका रात्री इंदूनं चादर सारखी केली
आणि चादरीच्या वजनानं मी ओरडलो.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात,
ती वाटेत कुठे कुठे थांबते
ते मला विचारा.

दिघ्याच्या आमच्या चाळीत
माझ्या नखाबद्दल मत नाही असा माणूस नव्हता.
हळद-तेल.
लिंबाला भोक पाडून टोपीसारखं.
पोवळेमामा म्हणाले, युरिक ॲसिड, तूरडाळ सोड.
तीन आठवडे सोडली.
अंगठ्याला डाळीचं काही देणंघेणं नव्हतं.
आणि दर रविवारी, दाराच्या उंबऱ्यावर,
मी स्वतः ब्लेडनं कोपरा कापायचो
गोल, खोल,
जाईल तितका आत.
त्या रात्रीपुरतं बरं वाटायचं.

महापालिकेच्या दवाखान्यात
कोयंडे मॅडमनी पाय उचलून स्टुलावर घेतला.
मी संकोचलो, धुतला होता तरी.
त्यांनी दाबलं. मी छताकडे बघितलं.
पंख्याचं एक पातं वेगळ्या रंगाचं होतं.
"नखाचा काय दोष," म्हणाल्या,
"वाढणं हे त्याचं काम.
तुम्ही कोपरा खोल कापता,
मोकळ्या जागेत मांस चढतं,
बूट ते आणखी दाबतो,
मग नख वाढायला जातं कुठे? मांसातच."
आणि लिहिता लिहिता, मान वर न करता,
"बूट किती नंबरचा?"

साधा प्रश्न.
मला पटकन सात म्हणता येईना.
आठ म्हणता येईना.

सुई दिली. अंगठा दुसऱ्या कुणाचा झाला.
कडेची एक चीप निघाली,
ट्रेमध्ये ठेवली त्यांनी,
तांदळाच्या तुसाएवढी.
मी वाकून बघितली.
हिच्यासाठी मी अकरा वर्षं
सगळा भार उजव्या पायावर घेऊन
साहेबांच्या गाड्यांना सलाम करत होतो.

घाव मिटला की कोमट पाणी, मीठ,
दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं.
नख कापायचं सरळ, पाटीच्या कडेसारखं.
साखर एकदा तपासून घ्या.
आणि पुढून रुंद जोडा.
शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

आठवड्यानंतरची गोष्ट. घमेल्यात पाय सोडून बसलो होतो.
इंदू भांडी आटपून आली,
म्हणाली, सरका,
आणि तिनं तिचेही आत घातले.
इतकी वर्षं एका घरात,
तिची बोटं मी नीट पाहिली नव्हती.
जोडवं जिथे बसलेलं
तिथे कातडीला खोबण पडलेली,
दोन्ही बाजूंनी बोट फुगून आलेलं.
"मापाची नव्हती?"
"लग्नातल्या जोडव्यांचं माप कोण घेतं,"
ती म्हणाली, "आणली, घातली."
साबण लावून ओढून बघितलं. निघेना.
उद्या सोनाराकडे कापून घेऊ म्हटलं.
बघू, म्हणाली.
पाणी निवेपर्यंत बसलो मात्र दोघं.

सोमवारी चपलेवर गेलो, चिठ्ठी घेऊन.
मशीन म्हणालं, अंगठा जुळत नाही, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवला.
मग स्टोअरला.
पाटणकरांनी चष्म्यावरून चपलेकडे बघितलं,
गोणी उपसली, खाली-वर केली.
"आठ संपलेत.
नऊ आहे एक जोड."
द्या, म्हणालो.
पुढे कापूस घालीन.