भोकावर चिकटपट्टी

फाईल आहे अकरा केबीची.
फोटोतल्या पापणीएवढीही नाही.
आत नुसते आकडे : इथे जा, एवढं काप, थांब.
तिला जायचंय माझ्या टेबलापासून
काचेपलीकडच्या मिलिंग मशीनपर्यंत.
बावीस पावलं,
रबाळे एमआयडीसीतल्या एकाच पत्र्याखाली.

माझ्या लॅपटॉपला एकच भोक, चपटं.
पेनड्राइव्हसाठी मध्ये अडॅप्टर लागतो,
अडॅप्टर अकाउंट्सच्या खणात,
खणाची किल्ली सहस्रबुद्ध्यांच्या खिशात,
सहस्रबुद्धे बँकेत, वाशीला.

दुपारी किल्ली आली.
स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर पेनड्राइव्ह बघून
अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसा बघत राहिला.
सीडी चालेल म्हणाला.
म्हणून डिस्पॅचमध्ये जाऊन सीडी भाजली,
सातशे एमबीच्या परातीत
एवढंसं शीत.

सीडीवरून फ्लॉपी.
पण मशीनला ही फ्लॉपी नको, हिच्यात जागा जास्त.
(मशीन माझ्याहून मोठं. सवयी मोडत नाहीत.)
मग पदाजी मढवी आले,
फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या चौकोनी भोकावर
खाकी चिकटपट्टी लावली, अंगठ्यानं दाबली,
पोराच्या गुडघ्यावर लावावी तशी.
"आता हिला वाटंल, मी निम्मीच हाय."

पहिली फ्लॉपी एकसष्टाव्या ट्रॅकवर अडकली.
दुसरीला बुरशी.
तिसरीवर निळ्या शाईत : गणपती वर्गणी ९९.
पुसू का?
"पुस. त्यातलं अर्धं गेलं."
पुसली. भरली. मशीनचा दिवा लागला,
खरखर झाली,
दिवा गेला.

पावणेसात. गेटवर टेम्पो उभा,
ड्रायव्हर आत डोकावून गेलेला दोनदा.
मढवींनी स्टूल ओढलं, बोटं पुसली.
"वाच."

पाचशे बारा ओळी.
त्यांचा डावा कान प्रेसशॉपनं घेतलाय,
म्हणून मी उजवीकडे उभी राहून वाचते :
एन दहा. जी शून्य एक. एक्स बेचाळीस पॉइंट पाच.
वाय उणे...
"मायनस बोल. उण्याला हात थांबतो."

दोनशेव्या ओळीला चहा.
ते बुटानं फरशी ठोकतात.
"हितं आमचं खाजण होतं. बांध कुठं फुटंल,
कंच्या भरतीला, बापाला सगळं पाठ."
लिहून ठेवलं नाही?
"सांगायचा की."
मग तुम्ही...?
कप ठेवतात.
"तवा कान चांगला होता. ध्यान नव्हतं."

तीनशे चौऱ्याहत्तरावर बोट थांबलं.
"हे असं नसंल. टूल जॉबमध्ये घुसंल."
बघितलं. आठ होता,
मी सहा वाचला होता.
काही न बोलता त्यांनी मागचं खोडलं.

साडेदहाला स्पिंडल खाली आला,
दुधाळ कूलंट उडालं,
टेम्पोवाला डिझेल परवडत नाही वगैरे बोलत
शेवटी झोपलाच होता.

सकाळी नवं ड्रॉइंग. सतरा केबी.
खणाकडे गेले नाही.
मढवींनी लवंग पुढे केली,
मी दाढेत धरली.